लिहून दिलेली लेक

मी मेले नाही, हे आधीच सांगून टाकते. आजारपणावरचं काही वाचायला घेतलं की माझा सगळा जीव शेवटी बाई जगली का, यावरच टांगलेला असतो आणि मधलं काही डोक्यात शिरत नाही. तर जगले. डावी बाजू सपाट झाली, केस गेले ते परत येताना कुरळे आले, आणि जगले. हे लिहितेय ते ज्या घरात आई एकटीच आहे, किंवा बाप एकटाच आहे, आणि डॉक्टरने नुकतंच काहीतरी सांगितलंय, अशांसाठी. गोड लिहायला मला जमत नाही. गोड ऐकायचं असेल तर नातेवाईक आहेतच, ते दवाखान्यात नारळपाणी घेऊन येतात आणि गोड बोलतात.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात, खोडदच्या पलीकडे. नवरा भाजीचा टेम्पो चालवायचा. माळशेज घाटात टेम्पो उलटून तो गेला तेव्हा आमची वैशाली चार वर्षांची होती. मी गावच्या अंगणवाडीची सेविका. पोरांची वजनं करायची, खाऊ वाटायचा, आणि बायांना सांगायचं की दुखणं अंगावर काढू नका. मला स्वतःला आंघोळ करताना गाठ लागली, तेव्हा मी ती चार महिने लपवली आणि एरंडाचं पान गरम करून बांधत बसले. वैशाली तेव्हा अकरा वर्षांची होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

घरचं माणूस

पुण्याच्या दवाखान्यात तपासणीचे कागद आले, त्या दिवशी मी एकटीच गेले होते. डॉक्टर तरुण होता. त्याने कागद उघडला, परत मिटला.

“सोबत कोण आहे?”

“मीच आहे.”

“तसं नाही, घरचं माणूस. मिस्टरांना घेऊन या.”

“त्यांना बोलावलं तर तेच मला घेऊन जातील,” मी म्हणाले.

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो म्हणाला, भाऊ, दीर, कुणीही चालेल. म्हणजे माझा रोग मला ऐकायचा तर बरोबर एक पुरुष पाहिजे होता. आठ दिवसांनी पेठचा माझा भाऊ, दादा, आला. डॉक्टरने सगळं त्याच्याकडे तोंड करून सांगितलं, आणि शेवटी आवाज बारीक करून म्हणाला, “पेशंटला इतक्यात काही बोलू नका.” पेशंट हातभर अंतरावर बसली होती.

येताना दादा एसटीत शेजारी बसला होता. वाटेत पेठला त्याचं घर, तरी तो उतरला नाही, मंचरपर्यंत आला. स्टँडवर त्याने मला उसाचा रस पाजला. मग मला न विचारता दुसरा ग्लास सांगितला. आमचा दादा स्वतःच्या बायकोलाही दुसरा ग्लास सांगत नाही. तेव्हा मला कळलं की डॉक्टर काय म्हणाला ते खरं आहे.

शेक

ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, मग शेक. आमच्याकडच्या बाया त्या मशीनच्या उपचाराला शेक म्हणतात. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा मारतात आणि बजावतात की या पुसू द्यायच्या नाहीत. महिना-दीड महिना त्या रेघा सांभाळत राहायचं. सकाळी सातला लायनीत बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं, दोन मिनिटांत बाहेर, की दिवस संपला. बाकीचा वेळ ओकारी आणि गप्पा.

गप्पा लई भारी असायच्या, हे कुणी सांगत नाही. तिथं कुणाला कुणाची लाज नव्हती. मला लोणच्याचा वास सोडून कुठलाच वास सहन होत नव्हता, तर शेजारच्या खाटेवरच्या कोंडाबाईने स्वतःच्या लोणच्याची बरणी माझ्या उशाशी ठेवून दिली. ही डिंभ्याची. धरणातले मासे घोडेगावच्या बाजारात विकायची. नवरा कधीच सोडून गेलेला, दोन पोरी. तिला काहीही विचारलं की तिचं एकच उत्तर, “मपलं ऱ्हाऊ द्या ओ. मपल्या पोरींचं काय, ते बोला.” मपलं म्हणजे माझं, आमच्याकडे असंच बोलतात.

एका सकाळी मी शेकाहून परत आले तर तिची खाट मोकळी होती. तिचे भाऊबंद बाहेर व्हरांड्यात उभे होते.

“थोरली कामाची हाय. ती आमी न्हेतो. धाकटी तुमी न्ह्या,” एक जण म्हणाला.

“धाकटीला दमा हाय. आमाला न्हाई झेपायची,” दुसरा म्हणाला.

थोरली पोरगी डबा घेऊन तिथंच उभी होती. आईसाठी भाकरी आणली होती तिने. घरातली भांडी वाटतात तेव्हा निदान हे मला पाहिजे, ते मला पाहिजे म्हणून भांडणं होतात. इथं भांडण उलटं चाललं होतं. शेवटी धाकटीचं काय ठरलं ते मला आजपर्यंत कळलं नाही. मी खाटेवर येऊन पडले आणि मला एकच दिसत होतं, माझी वैशाली आमच्या पडवीत अशीच उभी आहे आणि तिच्या डोक्यावरून माणसं बोलतायत.

कागद कशाला

मृत्युपत्राचं मी पहिल्यांदा दादाकडे काढलं. तो म्हणाला, “अभद्र बोलू नको. एकुलती एक पोर. तुजं जे काय हाय ते तिचंच हाय. कागूद कशाला?”

भावजय म्हणाली, “कागूद केला का मानूस जातंय. आमच्या मामांचं तसंच झालं.”

“वहिनी, मामा नव्वदीचे व्हते,” मी म्हणाले.

पण खरं सांगते, मीही टाळत होते. कागद न करण्यात एक सुख असतं. जोवर लिहिलं नाही, तोवर आपण काही मरत नाही, असं आतून वाटत राहतं. शिवाय लिहायचं म्हटलं तर एक रिकामी जागा भरावी लागते, माझ्या माघारी पोरीचं कोण? अंगणवाडीच्या रजिस्टरात पालकाचं नाव हा रकाना मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या पोरांसाठी भरला. स्वतःच्या पोरीसाठी भरायची वेळ आली तर पेन उचलेना.

शेकाची सुट्टी होती तेव्हा जुन्नरला एका वकिलांकडे गेले. डोक्याला फडकं बांधून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, नुसत्या मिळकतीसाठी तुम्हाला मृत्युपत्राची एवढी गरज नाही. तुमचं तुमच्या लेकीलाच जाईल. पण लेक कुणाकडे जाईल?” मग म्हणाले, “सातबारा आणलाय?”

आणला होता. त्यांनी चष्मा लावला, वाचला, आणि मला विचारलं, “हे अपाक कोण?”

सातबाऱ्यावर माझ्या नावाखाली वैशालीचं नाव होतं आणि पुढे अ.पा.क. अशी तीन अक्षरं. सात वर्षं मी त्या अक्षरांकडे बघत आले होते. मला वाटायचं, जिरायत, बागायत असतं तसंच हे काहीतरी जमिनीचं असणार. शिकलेली बाई मी, गावच्या बायांना फॉर्म भरून देते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे पोर लहान आहे, तिच्या वतीने बघणारा माणूस हा. आणि पुढे नाव होतं माझ्या थोरल्या दिरांचं.

नवरा गेला तेव्हा मी कोपऱ्यात बसून होते. वारसांची नावं सांगायला दीर गेले होते, आम्ही त्यांना आबा म्हणतो. पोरीचं बघणार कोण म्हटल्यावर त्यांनी आपलं नाव सांगितलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पालक म्हणून बाईमाणसाचंही नाव सांगता येतं, हेच त्यांना सुचलं नसणार.

“आई असताना हे टिकायचं नाही,” वकील म्हणाले. “पण आई गेल्यावर सगळे हाच कागद दाखवतील. तुम्ही विधवा आहात. मुलीचा पालक मृत्युपत्रात नेमायचा अधिकार तुम्हाला आहे. तो वापरा.”

टाचा

आबा वाईट माणूस असते तर सोपं झालं असतं. आमच्या घरची मेंढरं. बहुतेक भावकीने ती विकून शेती धरली, आबांनी नाही. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, संसार घेऊन त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा फिरता तळ, घाट उतरून कोकणात जायचा आणि पाऊस जवळ आला की परत वर यायचा. माझ्या आजारात त्यांनी पोरीला काही कमी केलं नाही. पण माझ्यासमोरच ते म्हणाले होते, “सातवी झाली का बास झालं. वाड्यावर तेवढाच हात लागंल. मंग बगू एखादं ठिकान.” सातवी झाली की पोर तेरा वर्षांची.

दादाला विचारलं. तो ‘हो’ म्हणाला. म्हणण्याआधी त्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, तिथं भावजय उभी होती. एवढं मला पुरे झालं.

राहिली जाऊ. आबांची बायको. तिचं-माझं सात वर्षं बोलणं नव्हतं. माझा नवरा गेला तेव्हा चार बायांत ती म्हणाली होती की हिच्या पायगुणाने माझा दीर गेला, आणि मी तिला मेंढरांच्या वासाची अडाणी म्हणाले होते. दोघींनी मनापासून म्हटलं होतं. अंगण एकच, दारं समोरासमोर, तरी आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो. मी दवाखान्यात गेले तेव्हा भावजयीने शाळा लांब पडेल म्हणून सांगितलं आणि वैशाली समोरच्या दारात गेली. तिच्यासाठी त्या साली जाऊ वाड्याबरोबर गेली नव्हती.

वकिलांकडून घरी आले आणि पोरीकडे नीट बघितलं. पोरांची वजनं करून करून माझी नजर काट्यासारखी झालीय. पोर भरली होती. गाल वर आले होते, वेण्या घट्ट होत्या, वहीला कव्हर होतं. माझ्या हाताखाली ती कायम चार किलो कमीच असायची. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला जावेच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी समोर जाऊन बसले.

“आक्का, वैशालीचं तुमच्या नावावर लिव्हू का?”

तिने मान वर केली नाही. “मला वाटलंच व्हतं तू जगत न्हाईस. म्हनून तर पोरीला लावून घेतली. मागनं एकदम जड गेलं असतं तिला.”

“मी अजून जित्ती हाय.”

“दिसतंय की. किती दिस दिसतीस ते बगायचं.” एक शेंग फोडून ती म्हणाली, “लिव्ह. पन मपलं नाव लिव्ह. त्यांचं नगं.”

“का?”

“त्यांचं लिव्हलंस तर दिवाळी झाली का पोर वाड्यावर. मपलं लिव्हलंस तर पोरीची साळा, अन् पोरीसाठी मी बी घरी. त्यांना कागूद दाखवाय येईल.” तिने लुगडं घोट्याच्या वर सारलं. “वीस वर्सं चालतीया मी. हे बग.”

टाचा इतक्या फाटल्या होत्या की भेगांत डांबर भरलं होतं, रस्त्याचं का मुद्दाम लावलेलं, देव जाणे.

“म्हंजी मी मेले का तुमचं पाय वाचत्याल,” मी म्हणाले.

“व्हय,” ती म्हणाली. “तुपली पोर बी वाचंल.”

सात वर्षांत माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मी तिचंच नाव लिहिलं. पोरीची पालक ती, आणि जमीन पोरगी सज्ञान होईपर्यंत कुणी विकायची नाही, गहाण टाकायची नाही. साक्षीदार म्हणून गावचे गुरुजी आणि दवाखान्याचा कंपाउंडर. दादाने सही करायला नकार दिला. नोंदणीच्या वेळी मला विचारलं, “बाई, हे राजीखुशीनं करताय ना?” तसं विचारायचंच असतं. मी म्हणाले, हो, राजीखुशीनं.

लिहून दिलं

आता चूक सांगते. ही टाळता आली असती, म्हणून तर हे सगळं लिहायला बसले.

वैशालीला मी काहीच सांगितलं नाही. लहान आहे, घाबरेल, परीक्षा आहे. आमच्या गावात ‘लिहून दिलं’ याचा अर्थ एकच. अमक्याने वावर तमक्याला लिहून दिलं, म्हणजे वावर गेलं. गुरुजींच्या बायकोकडून विहिरीवर आणि विहिरीवरून शाळेत बातमी गेली की सुमनने पोरगी जावेला लिहून दिली. मी पुण्यात शेकाच्या लायनीत बसले होते, आणि माझी पोर वर्गात बसून ऐकत होती की तिला लिहून दिलंय.

उन्हाळा संपता संपता डॉक्टर म्हणाला, आता सहा महिन्यांनी या. तेव्हाही दादाकडे बघूनच म्हणाला, पण या वेळी हसत म्हणाला. मी घरी आले, पिशवी ठेवली आणि अंगण ओलांडून समोर गेले. वैशाली गणितं सोडवत होती.

“चल घरी,” मी म्हणाले.

तिने चुलीकडे बघितलं. “काकू, जाऊ का?”

“तिला काय इचारतीस? आई मी हाय का ती?”

जाऊ भाकरी थापत राहिली. वैशालीने वही मिटली. “तू मला काकूला लिहून दिलंस ना. सगळ्यांना म्हाईती.”

“आगं येडे, ते मी मेल्यावरचं व्हतं.”

तिने जरा विचार केला. गणितात ती हुशार. “म्हंजी तू मरनार व्हतीस हे वकिलाला म्हाईत, गुरुजींना म्हाईत, काकूला म्हाईत. मलाच न्हाई.” मग म्हणाली, “आन् आता?”

“आता न्हाई मरत.”

मला वाटलं आता गळ्यात पडेल. ती जावेकडे बघत होती.

“मंग काकू वाड्यावर जानार,” ती म्हणाली.

एकट्या आईबापांना

मृत्युपत्र करा. घर, वावर असो नसो, पदरात लहान पोर आहे आणि दुसरं आई-बाप माणूस नाही, तर करा. चांगलं ठणठणीत असताना करा. सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि तीन अक्षरांचा अर्थ विचारायला लाजू नका. आणि सही करायच्या आधी पोराला समोर बसवून सांगा. मरणाचा शब्द उच्चारून सांगा. ते रडेल, तर रडू द्या. माझी पोर माझ्यासमोर रडली नाही, तिचं जावेजवळ रडून झालं होतं.

दिवाळीनंतर

ती घरी आली. माझ्याजवळ झोपायची, मी वाढलं ते जेवायची. पण केस बांधायला समोर जायची. मी बांधते म्हटलं की म्हणायची, तुजा हात दुखतो. माझा हात खरंच दुखायचा, काखेतल्या गाठी काढल्यापासून वर जात नव्हता. पण तिने ते सांगितलं की मला राग यायचा.

दिवाळी झाली आणि आबांनी निघायची तयारी केली. माझा कागद मी मेले तरच चालणारा. मी चांगली हिंडत-फिरत होते, मग जावेला घरी ठेवायचं कारण काय?

निघायच्या दिवशी सकाळी वैशाली माझ्याजवळ आली. कितीतरी दिवसांनी आपणहून माझ्या मांडीला टेकून बसली.

“आई, तू आबांना नुसतं म्हन, मला अजून बरं न्हाई. एवढंच म्हन. मंग काकू ऱ्हाईल.”

खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही. चार महिने गाठ लपवली होती मी. आणि हे तर अर्धं खोटंही नव्हतं, जिना चढले की धाप लागायची. ती हनुवटीला हात लावून विनवत होती आणि मला कळत होतं की ही आता जे मागतेय ते दिलं, तर ही रोज समोरच्या दारात जाणार. नाही दिलं, तर सहा-सात महिने हिला माझ्याशिवाय कुणी नसणार.

आबा दारात आले. अंगणात घोडीवर बोजा चढवून झाला होता आणि जाऊ दोर हातात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण हात थांबला होता.

“काय सुमन, कशी हाय तब्येत? निगावं म्हन्तो आमी.”

वैशाली माझ्या तोंडाकडे बघत होती.

“चांगली हाय आबा,” मी म्हणाले. “आता मला काय बी न्हाई.”